घरी आलेला भुलभुलैया

१९८२ च्या मार्च महिन्यात ‘अटारी’ या अमेरिकी कंपनीने ‘पॅक-मॅन’ या गाजलेल्या खेळाची, घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडायच्या आपल्या यंत्रावर खेळता येईल अशी आवृत्ती बाजारात आणली. तिच्या ७० लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि त्या यंत्रावरचा सर्वाधिक खपाचा खेळ ती ठरली. मात्र मूळ खेळाशी ताडून पाहून तिला नावे ठेवणाऱ्यांचीही वानवा नव्हती, कारण तिच्यातले रंग निराळे होते, आवाज कर्कश होते आणि पाठलाग करणारी भुते सतत लुकलुकत असत. असे असूनही त्या काळी लहान असलेली अमेरिकेतील पिढी आज तीच सदोष आवृत्ती हौसेने शोधते, जुनी यंत्रे दुरुस्त करून घेते आणि ती लुकलुक पुन्हा डोळ्यांनी पाहू इच्छिते. मूळ खेळ अस्सल रूपात सहज मिळत असताना त्याच्या उण्या प्रतीची ओढ का लागावी, या प्रश्नाचे उत्तर निम्मे यंत्राच्या रचनेत आणि निम्मे घराच्या कल्पनेत सापडते.

गतकाळाविषयीच्या अशा ओढीला मराठीत ‘स्मरणरंजन’ असा नेटका शब्द आहे. युरोपीय भाषांतील ‘नोस्टाल्जिया’ हा शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात, घरापासून दूर असलेल्यांना जडणाऱ्या विकाराचे नाव म्हणून घडवला. ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड आहे. ग्रीक जोडातली वेदना मराठी शब्दाने गाळली आणि तिच्या जागी रंजन आणले, हा फरक प्रस्तुत विषयाला विशेष लागू पडतो. येथे माणूस घरी परतण्याआधी खेळच बाजारातून घरी आला होता, आणि येताना वाटेत पुष्कळ काही गमावून आला होता.

मूळ खेळ ‘आर्केड’मधला, म्हणजे नाणे टाकून चालवायच्या उभ्या यंत्रांच्या दालनातला. जपानमधील ‘नामको’ या कंपनीतील तोरू इवातानी यांनी तो रचला आणि १९८० मध्ये तो प्रथम जपानमध्ये व त्याच वर्षी ‘मिडवे’ या कंपनीमार्फत अमेरिकेत आला. त्या काळच्या बहुतेक खेळांत गोळीबार आणि अंतराळयुद्धे असताना मुलींना व जोडप्यांनाही आवडेल असा खेळ इवातानी यांना हवा होता, म्हणून त्यांनी खाण्याची क्रिया निवडली. मचमच खाण्यासाठी जपानीत वापरल्या जाणाऱ्या ‘पाकु पाकु’ या ध्वनिशब्दावरून नायकाला नाव मिळाले. तोंड उघडमिट करणारी एक पिवळी चकती भुलभुलैयातल्या वाटांवरून फिरते, २४० ठिपके आणि चार मोठ्या शक्तिगोळ्या खाते आणि चार भुतांना चुकवते. शक्तिगोळी खाल्ल्यावर काही क्षण डाव उलटतो आणि तीच भुतांना खाऊ शकते. या उलटापालटीमुळे पळणारा केव्हा पाठलाग करू लागेल याचा नेम राहत नाही, आणि खेळाची खरी गंमत तीच आहे.

ही चारही भुते वरवर सारखी दिसत असली तरी त्यांचे स्वभाव वेगळे ठेवलेले आहेत. तांबडे भूत थेट चकतीच्या मागे लागते. गुलाबी भूत चकतीच्या तोंडापुढच्या चार घरांचा वेध घेऊन वाट अडवू पाहते. निळसर भूत तांबड्याची जागा आणि चकतीची दिशा यांचा मेळ घालून आपले लक्ष्य ठरवते. आणि नारिंगी भूत आठ घरांहून दूर असेपर्यंत पाठलाग करते, मात्र जवळ पोहोचले की पाठ फिरवून आपल्या कोपऱ्याकडे निघते. ठरावीक काळाने चौघेही पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्यांकडे वळतात, त्यामुळे खेळणाऱ्याला श्वास घेण्यापुरती उसंत मिळते. नियम इतके काटेकोर असल्यामुळे निष्णात खेळाडू वळणे तोंडपाठ करून एकाच मार्गाने पुनःपुन्हा पटल जिंकू शकत असत.

हा खेळ ज्या घरगुती यंत्रावर उतरवायचा होता ते ‘व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम’ अटारीने १९७७ मध्ये आणले होते. पुढे ते ‘अटारी २६००’ या नावाने ओळखले गेले. अशा यंत्राला ‘कन्सोल’ म्हणतात आणि त्यात खोचायच्या, खेळ साठवलेल्या डबीला ‘कार्ट्रिज’. चेंडू-फळीचा आणि रणगाड्यांचा असे त्या काळचे दोन लोकप्रिय खेळ डोळ्यांसमोर ठेवून ते घडवल्यामुळे त्याच्या चित्रचिपला दोन खेळाडू, त्यांच्या दोन गोळ्या आणि एक चेंडू एवढ्याच हलत्या वस्तू स्वतःहून दाखवता येत. त्याची कामचलाऊ स्मृती, म्हणजे खेळ चालू असताना बदलती माहिती ठेवण्याची जागा, अवघी १२८ बाइटांची होती. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात हे ध्यानात घेतले, तर तेवढ्या जागेत मराठीचे एखादे बऱ्यापैकी लांब वाक्यही मावत नाही.

याहून मोठी अडचण चित्र काढण्याची होती. त्या काळच्या काचेच्या दूरचित्रवाणी पडद्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक ओळ रेखत खाली येई आणि अमेरिकी पद्धतीत सेकंदाला सुमारे ६० वेळा असा फेरा पूर्ण करी. संपूर्ण पडद्याचे चित्र साठवून ठेवण्याइतकी स्मृतीच या यंत्रात नसल्यामुळे झोत ज्या ओळीवर असेल त्या ओळीत काय दिसावे हे प्रोग्रामला त्या क्षणी सांगावे लागे, आणि एका ओळीपुरता वेळ म्हणजे प्रोसेसरची ७६ आवर्तने. निक माँटफर्ट आणि इयन बोगोस्ट यांनी या यंत्रावर २००९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाला झोताशी लागलेल्या शर्यतीचेच नाव दिले आहे, ते याच कारणाने.

टॉड फ्राय या तरुण प्रोग्रामरकडे ‘पॅक-मॅन’ या यंत्रावर आणि ४ किलोबाइटांच्या कार्ट्रिजमध्ये बसवण्याचे काम आले. भिंतींसाठी यंत्रात पार्श्वभूमीची सोय होती, पण ती अर्ध्या पडद्यापुरती. उरलेला अर्धा भाग यंत्र पहिल्या भागाची पुनरावृत्ती करून किंवा आरशातल्या प्रतिमेसारखा उलटवून भरत असे. ‘पॅक-मॅन’चा भुलभुलैया डावी-उजवीकडे सारखाच असल्याने भिंतींचे काम निभावले, मात्र खाल्लेले ठिपके दोन्ही बाजूंना सारखे असणे शक्य नसल्यामुळे प्रत्येक ओळ अर्धी रेखून झाल्यावर माहिती घाईघाईने बदलावी लागली. भिंती आणि ठिपके एकाच पार्श्वभूमीचे भाग असल्यामुळे दोहोंचा रंग एकच झाला आणि गोल ठिपक्यांच्या आखूड रेघा झाल्या. माहितीपुस्तिकेने त्यांना ‘वेफर’ असे खाद्य नाव देऊन वेळ मारून नेली. आर्केडमधला पडदा उभा आणि घरातला आडवा, म्हणून भुलभुलैयाची नव्याने मांडणी झाली आणि मूळ खेळात डाव्या-उजव्या कडांना असलेली बोगद्याची तोंडे वरच्या आणि खालच्या कडेला गेली.

भुतांची लुकलुकही याच टंचाईतून आली. दोन हलत्या वस्तूंपैकी एक पॅक-मॅनसाठी खर्ची पडल्यावर चार भुतांसाठी एकच उरली, तेव्हा फ्राय यांनी ती पाळीपाळीने वापरली, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात एकच भूत रेखायचे आणि पुढच्या फेऱ्यात दुसरे. परिणामी प्रत्येक भूत सेकंदाला साठऐवजी सुमारे पंधरा वेळाच पडद्यावर उमटे. मूळ खेळातले त्यांचे स्वभावही येथे ओळखू येत नव्हते, त्यामुळे तोंडपाठ केलेल्या वाटा घरी निरुपयोगी ठरल्या. ध्वनीसाठी यंत्रात ३२ च स्वरपायऱ्या असल्याने मूळ खेळाची प्रारंभीची धून जाऊन तिच्या जागी काही खरखरीत स्वर आले आणि दर वेफरला एक ठोकल्यासारखा आवाज येऊ लागला.

ही सारी मर्यादा यंत्राचीच होती असे मात्र म्हणता येत नाही, कारण १९८३ मध्ये त्याच यंत्रावर आलेल्या ‘मिस पॅक-मॅन’ने अधिक चांगले काम करून दाखवले. तिच्या कार्ट्रिजमध्ये ८ किलोबाइटांची जागा होती आणि यंत्राला एका वेळी चारच किलोबाइट दिसत असले तरी दोन भाग आलटूनपालटून समोर आणण्याची युक्ती तिने वापरली. भुतेही वेगवेगळ्या उंचीवर असतील तेव्हा एकाच फेऱ्यात रेखल्यामुळे लुकलुक बरीच कमी झाली. अन्य कंपन्यांनी निराळी वाट धरली. फिलिप्सच्या ‘ओडिसी २’ या यंत्रावर १९८१ मध्ये आलेल्या ‘के. सी. मंचकिन’ या खेळात ठिपके बाराच होते, पण ते स्वतः पळत असत आणि खेळणाऱ्याला आपला भुलभुलैया रचता येई. तरीही नायक आणि भुते यांचे रूप ‘पॅक-मॅन’शी फार मिळते, असे ठरवून अमेरिकेतील अपील न्यायालयाने १९८२ मध्ये त्याच्या विक्रीला तात्पुरता मनाई हुकूम दिला. भुलभुलैयाच्या खेळाची कल्पना कोणाच्याही मालकीची नसते, तिच्या विशिष्ट अभिव्यक्तीवर मात्र हक्क असतो, हा भेद या निकालाने ठळक केला. ‘कोलेकोव्हिजन’ या १९८२ च्या यंत्रावर आलेला ‘लेडी बग’, ज्यात फिरत्या फाटकांनी वाटा बदलतात, स्वतःच्या मूळ आर्केड खेळाच्या पुष्कळच जवळ गेला. त्या यंत्राचा प्रोसेसर ‘पॅक-मॅन’च्या आर्केड यंत्रातल्याच जातीचा होता.

असे असतानाही ओढ अचूक आवृत्त्यांपेक्षा चुकलेल्या आवृत्तीची अधिक लागते, यामागे खेळण्याच्या जागेचा वाटा मोठा आहे. आर्केडमध्ये पाव डॉलरचे नाणे संपले की खेळ संपे, मागे रांग असे आणि चूक चारचौघांत होई. घरी मात्र चुका फुकट होत्या, धाकट्या भावंडालाही पाळी मिळे आणि डाव जेवणाच्या हाकेपर्यंत लांबवता येई. मूळ यंत्रावरचा खेळ लक्षात असल्यामुळे मुले आखूड रेघेत ठिपका आणि लुकलुकत्या आकृतीत भूत पाहू शकत. जे पडद्यावर नव्हते ते ती मनाने भरून काढत. कल्पनेला कामाला लावणारी वस्तू सर्व काही आयते पुरवणाऱ्या वस्तूपेक्षा अधिक काळ स्मरणात राहते, आणि सदोष रूपांतराला लाभलेले दीर्घायुष्य याचेच फळ आहे.

महाराष्ट्रातील घरांत हा अनुभव निराळ्या यंत्राने आणि सुमारे दशकभर उशिरा आला. जपानमध्ये १९८३ मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या ‘फॅमिकॉम’वर नामकोने १९८४ मध्ये ‘पॅक-मॅन’ आणि पुढच्या वर्षी विटांच्या भिंतींमधून रणगाडे फिरवण्याचा ‘बॅटल सिटी’ हा खेळ काढला. फॅमिकॉमच्या स्वस्त नकला १९९० च्या दशकात भारतात सर्वत्र विकल्या गेल्या. त्यांच्या कार्ट्रिजला मुले ‘कॅसेट’ म्हणत आणि वेष्टनावर शेकडो-हजारो खेळांचा आकडा छापलेला असला तरी तेच मोजके खेळ पुनःपुन्हा येत. सुट्टीत दूरचित्रवाणीसमोर दोघांनी मिळून खेळलेला रणगाड्यांचा तो खेळ मराठी घरांतल्या त्या पिढीसाठी तीच जागा व्यापून आहे, जी अमेरिकेत लुकलुकत्या भुतांनी व्यापली आहे.

या स्मरणरंजनाची जपणूक कशी करायची हा आता व्यावहारिक प्रश्न झाला आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ मध्ये ‘पॅक-मॅन’ आपल्या संग्रहात घेतला, आणि न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्दो येथे १९८३ मध्ये अटारीने जमिनीत पुरलेला न खपलेला माल २०१४ मध्ये उकरून काढण्यात आला, त्यातील एक कार्ट्रिज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेपर्यंत पोहोचले. खेळाचा प्रोग्राम जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या ‘इम्युलेटर’ या सॉफ्टवेअरवर आज सहज चालतो, परंतु काचेच्या पडद्यावरचा लेप क्षणभर उजळ राहिल्याने तेथे काहीशी मवाळ भासणारी लुकलुक आजच्या सपाट पडद्यावर बोचरी होते, आणि सेकंदाला तीसच चित्रे टिपणाऱ्या चित्रफितीत काही भुते दिसेनाशीही होऊ शकतात. म्हणजे प्रोग्राम जपला तरी तो कसा दिसत असे ते जपले जाईलच असे नाही. त्यासाठी यंत्र, कार्ट्रिज आणि जुना दूरचित्रवाणी संच ही तिन्ही एकत्र लागतात. ज्या घरांच्या माळ्यावर असा संच आणि दोन-चार कॅसेट अजून धूळ खात पडल्या असतील, त्यांनी त्या भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा जोडून पाहाव्यात, आणि चालल्या तर घरातल्या मुलांच्या हाती द्याव्यात.