गाडीचा नंबर लांबतो कशामुळे?

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



ऊसबिल खात्यावर जमा झाले, की गावोगाव दोन विषय निघतात. एक घराच्या बांधकामाचा आणि दुसरा गाडीचा. आमचा माणूस उसाच्या नोंदीसाठी बांधावर आला, तरी खोडव्याच्या खताआधी त्याला विचारले जाते, "साहेब, गाडी बुक केलीय, पण कंपनी देत नाही, हे कसं काय?" कुणी म्हणतो शोरूमवाला मुद्दाम अडवतो, कुणी म्हणतो कंपनी भाव वाढवायला गाड्या दडवून ठेवते. मोटार हा काही शेतकी विभागाचा विषय नव्हे. परंतु नोंद, पाळी आणि खोळंबा या तीन गोष्टींशी आमचा रोजचा संबंध येतो, आणि यात सभासदांचा घामाचा पैसा गुंततो, म्हणून हे चार शब्द.

पूर्वीची वेटिंग आणि आताची

नंबर लावून थांबणे आपल्याला नवे नाही. १९७२ साली आकुर्डीच्या कारखान्यातून 'चेतक' स्कूटर निघाली, आणि पुढे तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. त्या वेळचे कारण सरळ होते. किती गाड्या काढायच्या याला शासनाचा परवाना लागे. गिऱ्हाईक तयार, पैसा तयार, पण परवान्यापेक्षा जास्त माल काढता येत नसे. १९९१ नंतर परवाना पद्धत सैल होत गेली आणि ती वेटिंगही गेली.

२०२१ साली वेटिंग परत आली, पण कारण निराळे होते. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० गाडीचे बुकिंग सुरू झाले आणि ५७ मिनिटांत २५ हजार नोंदी झाल्या. ही गाडी बनत होती आपल्या चाकणला. तरीही काही प्रकारांसाठी वर्षाहून अधिक थांबावे लागले. ३० जुलै २०२२ रोजी स्कॉर्पिओ-एन गाडीला अर्ध्या तासात एक लाख नोंदी आल्या. मारुती कंपनीने तर सप्टेंबर २०२१ मध्ये आपले उत्पादन नेहमीच्या सुमारे ४० टक्क्यांवर येईल असे आधीच जाहीर केले होते. परवाना होता, कारखाना होता, कामगार होते, पोलाद होते. नव्हती ती नखाएवढी चिप.

एका मोळीवाचून गव्हाण थांबते, तसे

पूर्वीच्या गाडीत तारा, नळ्या आणि पाने. आताच्या गाडीत इंजिनाला डिझेल किती सोडायचे, ब्रेक कसा लागायचा, एअरबॅग कधी उघडायची, काच वर कशी जायची, हे सारे सेमीकंडक्टर चिप ठरवते. अशा चिपा एका नव्या मोटारीत हजाराच्या घरात असू शकतात. त्यातली एक नसली तरी गाडी पुरी होत नाही. एअरबॅगची चिप नाही म्हणून एअरबॅगशिवाय गाडी देऊ, असे कायद्याने चालत नाही. किरकोळ किमतीच्या वस्तूवाचून लाखो रुपयांची गाडी आवारात उभी राहते ती अशी.

बरे, चिप काही रातोरात होत नाही. शेकडो टप्प्यांतून ती जाते आणि कारखान्यातून बाहेर पडायला तीन-चार महिने लागतात. पुढे तिचे पॅकिंग व तपासणी बहुधा दुसऱ्याच देशात होते. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावला तर तोड १६ ते १८ महिन्यांनी. तिथे घाई चालत नाही, तशीच इथेही चालत नाही.

साखळी कुठे तुटली

मार्च २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी लागली. एप्रिल २०२० मध्ये मारुतीची देशात एकही गाडी विकली गेली नाही. जगभरच्या मोटार कंपन्यांनी घाबरून चिपांच्या ऑर्डरी रद्द केल्या. त्याच वेळी घरून काम आणि घरून शाळा सुरू झाल्याने लॅपटॉप-मोबाइलवाल्यांनी ती सगळी जागा धरली. वर्षअखेर मोटारीला पुन्हा मागणी आली, तेव्हा चिपवाल्यांकडे यांच्यासाठी जागा उरली नव्हती. लावणच केली नाही आणि हंगामात तोड मागितली, असा हा प्रकार झाला.

त्यावर संकटांची रांग लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत टेक्सासला कडाक्याच्या थंडीने वीज गेली आणि तिथले चिपचे कारखाने बंद पडले. गाळप मध्येच थांबले तर रस खराब होतो, तसेच तिथेही चालू माल वाया जातो आणि पुन्हा सुरळीत व्हायला आठवडे लागतात. १९ मार्च २०२१ रोजी जपानमध्ये रेनेसास कंपनीच्या नाका येथील कारखान्याला आग लागली. ही कंपनी मोटारींच्या चिपा करणारी मोठी कंपनी. पावसाळ्याच्या सुमारास मलेशियात कोरोना वाढला आणि चिपांचे पॅकिंग अडले. त्याचा फटका आपल्याकडच्या कंपन्यांना त्या सप्टेंबरात बसला.

एक गोष्ट मात्र आपल्या सभासदांनी मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. तैवान हा चिप बनवणारा अग्रेसर देश. २०२१ च्या आरंभी तिथे मोठा दुष्काळ पडला. चिप धुवायला अतिशय शुद्ध पाणी फार लागते. कारखान्यांनी टँकर लावले आणि तिथल्या शासनाने भरपाई देऊन हजारो हेक्टर शेतीचे पाणी बंद केले. म्हणजे चाकणची गाडी वेळेवर निघावी म्हणून कुठे तरी भाताच्या खाचराची पाळी तोडली गेली. पाण्यापायी शेतकऱ्याला थांबावे लागते, हे फक्त आपल्याच कालव्यावर घडते असे नाही.

साठा का ठेवत नाहीत?

असा रास्त प्रश्न सभासद विचारतात. आपण तोडलेला ऊस यार्डात साठवत नाही, कारण तो वाळतो, वजन आणि साखर उतारा घटतो. म्हणून लागेल तेवढाच ऊस रोज तोडायचा. मोटार कंपन्यांनीही पैसा मालात अडकू नये म्हणून हीच रीत धरली; सुटा भाग लागेल तेव्हाच आणायचा. जपानच्या टोयोटा कंपनीने ही पद्धत जगाला शिकवली. पण २०११ च्या भूकंपात हात पोळल्यावर तिनेच पुरवठादारांना काही महिन्यांच्या चिपा शिल्लक ठेवायला लावल्या. त्यामुळे २०२१ च्या सुरुवातीला ती इतरांपेक्षा बरी तगली. तरीही त्या सप्टेंबरात तिलाही जगभरचे उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी कमी करावे लागले. खळ्यातली कणगी एक वर्ष तारते, सलग दुष्काळात तीही रिकामी होते.

दुबार नोंदी

खोळंबा वाढवण्यात गिऱ्हाइकाचाही हात असतो. गाडी लवकर मिळावी म्हणून एकच माणूस तीन शोरूमला बुकिंग करतो. कंपन्यांनीही चिपांच्या बाबतीत हेच केले; शंभर हव्या असताना दोनशे मागितल्या. एकाच प्लॉटची नोंद दोन कारखान्यांकडे केली की दोघांचेही तोडणी कार्यक्रम कोलमडतात, हे आपण दर हंगामात पाहतो. रांग कागदावर फुगते आणि खरा गरजू मागे राहतो.

चिपांची ही टंचाई २०२३ पासून पुष्कळ सैल झाली. पण साखळी लांबच आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मिळ धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर बंधने घातली, तेव्हा विजेवरच्या गाड्यांना झळ बसलीच. तेव्हा पुढेही असे प्रसंग येणार, हे धरून चालावे.

सभासदांनी काय सांभाळावे

१) बुकिंगची छापील पावती घ्यावी. गाडीचा प्रकार, रंग, तारीख आणि बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत मिळणार, हे तीवर लिहून घ्यावे. तोंडी शब्दावर जाऊ नये.

२) बहुतेक ठिकाणी भाव बुकिंगच्या दिवसाचा नसून गाडी मिळण्याच्या दिवसाचा असतो. एक्सयूव्ही ७०० चा सुरुवातीचा भाव पहिल्या २५ हजार नोंदींनाच मिळाला. उलटही घडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के आणि शेतीच्या ट्रॅक्टरवरचा १२ वरून ५ टक्के झाला. त्या तारखेनंतर बिल झालेल्यांना लाभ मिळाला. म्हणून हिशेबात थोडी सवड ठेवावी.

३) कर्ज मंजूर करून ठेवावे, पण गाडीचा चासी नंबर हाती येईपर्यंत उचलू नये. रक्कम उचलली की व्याज सुरू होते, गाडी दारात असो वा नसो.

४) जुनी गाडी आधी विकून मोकळे होऊ नये. दवाखाना, बाजार, मुलांची शाळा थांबत नाही.

५) ताबा घेताना गाडी कोणत्या महिन्यात व साली तयार झाली ते तपासावे. पुढे विकताना त्याला किंमत असते.

६) नंबर पुढे घेण्यासाठी वरचे पैसे देऊ नयेत. चिप नसेल तर ते पैसे देऊनही गाडी तयार होत नाही. फार तर दुसऱ्याची पाळी आपल्याला मिळते. त्यापेक्षा रंगाचा किंवा प्रकाराचा हट्ट सोडला, तर गाडी लवकर मिळण्याचा संभव अधिक.

७) सर्वांत महत्त्वाचे ट्रॅक्टरवाल्यांसाठी. हाती न आलेल्या ट्रॅक्टरवर ऊस वाहतुकीचा करार करू नये आणि मुकादमाला उचल देऊ नये. हंगाम सुरू झाला, टोळी येऊन बसली आणि ट्रॅक्टर शोरूमलाच राहिला, तर उचलही अडकते आणि गटातल्या इतर सभासदांचा ऊसही फडात वाळतो. ट्रॅक्टर घ्यायचाच असेल तर उन्हाळ्यात बुक करावा आणि दसऱ्यापूर्वी तो दारात आला तरच करारावर सही करावी.

मोटार दोन महिने उशिरा आली तर गैरसोय होते, पण संसार अडत नाही. ऊसबिलाचा पैसा मात्र वर्षा-दीड वर्षातून एकदा हाती येतो. त्यातून आधी सोसायटीचे कर्ज, पुढच्या लावणीचे बेणे आणि खत यांची रक्कम बाजूला काढावी. उरलेल्यातून गाडीचा नंबर खुशाल लावावा.