जॅकवेलमध्ये माणूस उतरवण्याआधी

कारखान्याच्या कामानिमित्त मुंबईस गेलो असता आम्ही गिरगाव चौपाटीवर पाण्यात उभे राहिलो. गुडघाभर पाण्यात आपलीच पावले दिसेनात! पावसाळ्यात आपली नदीही अशीच. म्हणून जॅकवेल तपासायला पाण्याखालचा ड्रोन घेऊ म्हणणाऱ्या उपसा सिंचनाच्या सभासद बंधूंना आमचा पहिला सवाल: तुमच्या पाण्यात दिसते किती?

१४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडी बुडाली, १८ जण गेले. गढूळ, तेलकट पाण्यात नौदलाच्या पाणबुड्यांनाही चाचपडतच शोध घ्यावा लागला. अशा पाण्यात दिव्याचा उजेड गाळावरून उलटा फिरतो, कॅमेरा आंधळा होतो. तिथे आवाजाच्या लहरींवर चालणारे सोनार हवे. त्याने किंमत मात्र चांगलीच चढते.

रेडिओलहरी पाण्यात टिकत नाहीत, म्हणून यंत्राला केबल आलीच. ती फुटव्हॉल्व्हच्या जाळीत गुंतली की यंत्र सोडवायला पुन्हा माणूसच उतरवा! तेव्हा पाणी निवळू द्यावे, पंप बंद करून फ्यूज काढून खिशात घालावेत, मगच यंत्र सोडावे.

आणि विक्रेता हौदातल्या नितळ पाण्यात दाखवू लागला तर भुलू नका. आपल्या जॅकवेलवर आणून दाखव म्हणावे.