झाओ : एका सम्राज्ञीचे अक्षर

रचना
‘झाओ’ या दुर्मीळ चिनी अक्षराच्या वरच्या अर्ध्या भागात सूर्य आणि चंद्र शेजारी-शेजारी आहेत; खाली ‘रिक्त’ किंवा ‘आकाश’ या अर्थाचे अक्षर आहे. एकूण कल्पना आकाशातून पडणाऱ्या प्रकाशाची. मात्र ‘उजळणे’ या अर्थाचे, याच उच्चाराचे अक्षर चिनी लिपीत आधीपासून होते. नवे अक्षर घडले ते राजकीय कारणासाठी.

निर्मिती
वू झेतियान ही स्वतः सम्राटपद धारण करणारी चीनच्या इतिहासातील एकमेव स्त्री मानली जाते. 690 मध्ये तिने तांग घराण्याच्या जागी आपली ‘चौ’ राजवट घोषित केली. त्याच्या काही महिने आधी, 689च्या अखेरीस, तिच्या नात्यातील एका अधिकाऱ्याने तयार केलेली नवी अक्षरे अमलात आली. पुढे त्यांत भर पडली. साधारणतः ती 18च्या आसपास मोजली जातात. ‘पृथ्वी’साठी डोंगर, पाणी आणि माती एकावर एक रचली गेली. ‘अमात्य’ या अक्षरात ‘एक’च्या खाली ‘निष्ठा’ आली. झाओ हे तिचे स्वतःचे नाव झाले. चिनी विचारात सूर्य पुरुषतत्त्वाचा आणि चंद्र स्त्रीतत्त्वाचा. दोन्ही एका नावात आणण्यामागचा हेतू उघड आहे.

नावाचा निषेध
सम्राटाचे नाव प्रजेने लिहू वा उच्चारू नये, असा संकेत होता. ‘राजाज्ञा’ या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही झाओच. म्हणून सरकारी लेखनात त्याऐवजी दुसरा शब्द योजला गेला.

सुवर्णपट्टी
1982 मध्ये हनान प्रांतातील सोंग पर्वतावर एका शेतकऱ्याला सोन्याची पातळ पट्टी सापडली. लांबी सुमारे 36 सेंटिमीटर, रुंदी 8. तिच्यावर 63 अक्षरे कोरलेली आहेत. ‘महान चौ राज्याची स्वामिनी वू झाओ’ आपली पापे देवतांनी नोंदवहीतून काढून टाकावीत, अशी प्रार्थना करते. ही पट्टी सन 700ची. देवतांसमोरही तिने नाव लिहिले ते याच नव्या अक्षरात. साऱ्या पुराव्यांत हा सर्वांत बोलका म्हणावा लागेल.

कालनिर्णयासाठी उपयोग
705 मध्ये तिची सत्ता गेली, तांग घराणे परतले आणि नवी अक्षरे रद्द झाली. अवघ्या पंधरा-सोळा वर्षांच्या या आयुष्यामुळेच ती संशोधकांना मोलाची वाटतात. चीनमधील तुनहुआंग येथे सापडलेल्या जुन्या हस्तलिखितांचा काळ ठरवताना त्यांचा आधार घेतला जातो. 1966 मध्ये दक्षिण कोरियात ग्योंग्जू येथील बुल्गुक्सा मंदिराच्या स्तूपात, लाकडी ठशांनी छापलेले बौद्ध धारणीसूत्र मिळाले. त्यातही या संचातील काही अक्षरे आढळली आणि ते कोठे व केव्हा छापले गेले, या वादात तो महत्त्वाचा मुद्दा ठरला.

मर्यादा
असे अक्षर दिसले, की मजकूर 689च्या आधीचा नाही, एवढेच खात्रीने म्हणता येते. तो 705च्या आतला आहे, असे नाही. नकलाकार जुन्या प्रतीतील रूपे तशीच उतरवत. राजधानीपासून दूर ही अक्षरे नंतरही टिकली. ‘राज्य’ या अर्थाचे अक्षर तर जपानला पोहोचले आणि सतराव्या शतकातील तोकुगावा मित्सुकुनी या सरदाराच्या नावात आजही तसेच लिहिले जाते.