आधी कारण, मग कार्य

बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचे गाव आहे. दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तेथील शेतात घटमांडणी होते. जमिनीवर वर्तुळ आखून त्यात १८ प्रकारची धान्ये मांडतात. मधोमध खड्डा करून त्यात ४ ढेकळे ठेवतात व त्यांवर पाण्याने भरलेली घागर ठेवतात. ही ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या वेळी कोणते धान्य जागचे हलले, कोणते ढेकूळ किती भिजले, हे पाहून पाऊसपाण्याचे भाकीत सांगितले जाते. ते ऐकण्यास दूरदूरचे शेतकरी जमतात.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ढेकूळ भिजते वैशाखात आणि पाऊस पडतो आषाढ-श्रावणात. मग पुढे येणाऱ्या पावसाने ते आधीच भिजविले काय? तसे मानल्यास कार्य आधी व कारण मागाहून, असा उलटा क्रम होईल. या कल्पनेस 'पश्चगामी कार्यकारणभाव' म्हणता येईल. आपला नित्याचा अनुभव याच्या विरुद्ध आहे. बी पेरल्यावाचून अंकुर फुटत नाही. आपल्या न्यायशास्त्रानेही, कार्यापूर्वी जे नियमाने असते त्यालाच कारण म्हटले आहे.

परंतु पावसाआधी पावसाच्या खुणा दिसतातच की! होय, पण खूण निराळी आणि कार्य निराळे. हवेचा दाब उतरला की वायुभारमापकातील पारा खाली येतो आणि पुष्कळदा मागाहून वादळ होते. पाऱ्याने वादळ आणले नाही, की वादळाने पारा उतरविला नाही. दोहोंच्या मुळाशी हवेच्या दाबातील फरक आहे आणि तो दोहोंच्याही आधीचा आहे. घटातील ढेकूळ भिजते ते घागरीच्या पाण्याने. धान्य हलते ते वाऱ्याने किंवा किड्यामुंग्यांनी. ही कारणे त्याच रात्रीची होत. त्यांना आषाढातील पावसाशी जोडणारा दुवा कोणी दाखवून दिलेला नाही.

तरीही विद्वानांनी उलट्या क्रमाचा विचार हसण्यावारी नेला नाही. मायकेल डमेट या इंग्रज तत्त्वज्ञाने १९६४ मध्ये एक कल्पित उदाहरण मांडले. एका टोळीतील तरुण सिंहाच्या शिकारीस जातात. जाण्यास दोन दिवस, शिकारीस दोन दिवस आणि परतण्यास दोन दिवस लागतात. त्यांनी शौर्य गाजवावे म्हणून टोळीचा नायक सहाही दिवस नृत्य करतो. शिकार संपल्यावर शेवटचे दोन दिवस नाचून काय लाभ? नायकाची ही समजूत खोडून काढणे वाटते तितके सोपे नाही, असे डमेट यांनी दाखविले.

यावर मॅक्स ब्लॅक यांनी १९५६ मध्येच एक आक्षेप घेतला होता. तो दिव्याच्या दृष्टांताने समजेल. सहा वाजता कळ दाबल्यामुळे दिवा पाच वाजताच लागला, असे कोणी म्हणाले, तर पाचला दिवा लागलेला पाहून सहाला कळ दाबूच नये. दिवा तर लागून गेला. मग न दाबलेली कळ त्याचे कारण कशी ठरेल?

पदार्थविज्ञानातही हा प्रश्न निघाला आहे. तेथील कित्येक मूलभूत समीकरणे काळ पुढे वा मागे, दोन्ही दिशांनी सारखीच चालतात. त्यांच्या आधारे १९४५ मध्ये जॉन व्हीलर व रिचर्ड फाइनमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी, भूतकाळाकडे जाणाऱ्या लहरीही गृहीत धरून प्रकाशाच्या उत्सर्जनाचा एक सिद्धान्त मांडला. तथापि आजच्या कृतीने काल घडलेली गोष्ट बदलल्याचे कोणत्याही प्रयोगाने सिद्ध झालेले नाही.

मात्र भाकीत स्वतः पुढील घटनांचे कारण होऊ शकते. भाकितावर विसंबून शेतकरी पेरणी करतो. पाऊस लांबला तर बियाणे वाया जाते, दुबार पेरणी करावी लागते आणि डोक्यावर कर्ज चढते. पेरून गेलेले बी मागे घेता येत नाही. म्हणून जमिनीतील ओल, पडलेला पाऊस आणि हवामान खात्याचा अंदाज यांचा विचार तिफण धरण्यापूर्वीच केला पाहिजे. परंपरेचा आदर राखावा. परंतु जे कारण नव्हे त्याला कारण मानू नये. कालचा दिवस कोणाच्याच हाती नसतो. उद्याचे कारण मात्र आज आपल्या हाती असते.