वांग्याच्या कुंडीत सह्याद्री

"काका, किती ब्रास?" खडी क्रशरवरच्या पोरानं विचारलं. मी सिमेंटची रिकामी गोणी पुढं केली. "अर्धीच भर. वांग्याच्या कुंडीत घालायचीय." पोरगं माझ्याकडं बघतच राहिलं. मग त्यानं फावड्यानं गोणी भरून दिली आणि पैसे घेतले नाहीत. वेड्या माणसाकडून काय घ्यायचे, असं त्याला वाटलं असावं.

बांधकामवाले जिला 'कच' म्हणतात, ती म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा चुरा. खत म्हणून तो वापरतात हे वाचलं होतं, विश्वास बसला नव्हता. दगड झाडाला खायला घालायचा? तरी जुन्या पंचातून वस्त्रगाळ केला. नाकाला फडकं बांधून, कारण ही धूळ फुप्फुसात जाणं वाईटच. खाली उरली राखेसारखी करडी भुकटी.

कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यावरून फिरवलं, तर कागदाला काळी मिशी फुटली! ते मॅग्नेटाइटचे कण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थिजला, तेव्हा या कणांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा जशीच्या तशी टिपून ठेवली. दख्खनच्या बहुतेक थरांत ती उलटी सापडते, म्हणजे तेव्हा होकायंत्र असतं तर त्यानं दक्षिण दाखवली असती. याच नोंदींवरून कळलं की लाव्हा वाहत होता तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या बरीच खाली, दक्षिण गोलार्धात होती. दळताना माझ्या कणांची दिशा विस्कटली खरी, पण प्रवास तर झालेलाच आहे.

आता खताचं. या दगडात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह भरपूर. पोटॅश आणि स्फुरद चिमूटभर. नत्र जवळपास नाहीच. म्हणून शेणखत आणि पेंड सुटत नाही. शिवाय सगळा माल स्फटिकांत कुलूपबंद. कुलूप उघडतं आम्ल. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पाणी किंचित आंबट होतं, आणि दगड झिजू लागतो. मुळंही स्वतः आम्ल सोडतात, बुरशी तर त्यात पटाईत. या झिजण्यात हवेतला थोडा कार्बन बायकार्बोनेट होऊन पाण्याबरोबर निघून जातो. म्हणूनच हल्ली हवामानाचे अभ्यासक शेतात दगडाची पूड पसरून बघतायत.

दळणाचा फायदा किती, ते कागदावर मांडून पाहा. एक सेंटिमीटरचा दगडी ठोकळा घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याच ठोकळ्याचे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे बारके ठोकळे केले, तर ते होतात १०० कोटी आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग ६,००० चौरस सेंटिमीटर. फाशाएवढ्या दगडातून लिहायच्या टेबलाएवढा पृष्ठभाग! मुळांना चाटायला तेवढी जागा मिळते.

पण माझं स्पष्ट मत, काळ्या रानात ही भुकटी टाकणं म्हणजे समुद्रात मीठ टाकणं. ती माती याच पाषाणाची झालेली, कॅल्शियम-मॅग्नेशियम अजून धरून बसलेली. कोकणात मात्र त्याच पाषाणाला पावसानं इतकं धुतलं की चुना, मॅग्नेशियम, बरीचशी सिलिकासुद्धा वाहून गेली आणि लोह-ॲल्युमिनियमचा तांबडा जांभा उरला. एकाच दगडाची दोन लेकरं, एक अजून खाऊनपिऊन सुखी, एक पार निथळलेलं. भुकटीची भूक असली तर दुसऱ्याला. अशाच धुतल्या गेलेल्या मातीच्या ब्राझीलनं २०१३ मध्ये दगडी भुकटीला कायद्यातच मान्यता दिली. माझ्या गच्चीवरचं कोकोपीटही तसं उपाशीच.

म्हणून दोन कुंड्या शेजारी ठेवल्या. माती, शेणखत, रोपं सारखी. एकीत फक्त दोन ओंजळी भुकटी जास्त. चार महिने झाले. वांगी दोन्हींना सारखीच लागली, मावाही दोघांवर सारख्याच प्रेमानं आला. बायकोनं विचारलं, "तुमचा डोंगर कुठं दिसतोय?" दिसणार नाही, निदान या हंगामात तरी. इतक्या संथ खताचा निकाल चार महिन्यांत मागणं हा माझाच उतावळेपणा.

दिसावं म्हणून दुसरं काहीतरी केलं. एकोणिसाव्या शतकात युलिउस फॉन झाक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं गुळगुळीत संगमरवराच्या पाटीवर रोपं वाढवली होती. फरशीवाल्याकडून पॉलिश केलेल्या संगमरवराचा एक तुकडा आणला, पसरट कुंडीच्या तळाशी ठेवला आणि वर मेथी पेरली. संगमरवर बेसाल्टपेक्षा फार लवकर विरघळतो, म्हणून तो. मेथीची भाजी खाऊन झाल्यावर तुकडा काढला, धुतला आणि खिडकीशी तिरका धरला. चकाकीवर धाग्यासारख्या मंद, खरखरीत रेघा उमटल्या होत्या. नख फिरवलं तर जेमतेम लागत होत्या. जिथं जिथं मूळ टेकलं होतं, तिथं तिथं त्यानं दगड खाल्ला होता.