विजेरींतील सेल : अल्कलाइन कीं लिथियम ?

मृगाचा पाऊस लागला कीं आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांत रात्रीं बांधावर जाणाऱ्यास फुरशाचें भय असतें. यास्तव हातांतील विजेरीचा विचार शेतकऱ्यानें अवश्य करावा. लहान एल्.ई.डी. विजेरीस वीज थोडी लागते, म्हणून रोजच्या वापरास अल्कलाइन सेल पुरतो. त्याचा दाब दीड व्होल्टपासून हळूहळू उतरतो व प्रकाश मंदावून आगाऊ सूचना मिळते. लिथियम सेलावर प्रकाश जवळजवळ अखेरपर्यंत एकसारखा राहतो आणि मग दिवा एकाएकीं विझतो. हें ऐन बांधावर घडलें तर ? जादा सेल खिशांत हवेच.

ठेवणीच्या विजेरीची गोष्ट निराळी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. अशा प्रसंगासाठीं ठेवलेल्या विजेरींत अल्कलाइन सेल तसाच राहिला तर त्यांतील दाहक क्षार पाझरून आंतील पट्ट्या खातो. लिथियम सेल सहसा पाझरत नाहीं व न वापरतां वीस वर्षेंपर्यंत टिकतो. किंमत कित्येक पट पडली तरी तेथें तोच घ्यावा. मात्र वेष्टनावर दीड व्होल्ट लिहिलें आहे हें पाहावें. त्याच आकाराचे, चार्ज करावयाचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेलहि मिळतात. ते साध्या विजेरींत घातल्यास दिवा जळण्याचा संभव असतो.