बोंड आत असले तरी बाळ अंगावर पिते



लागण, खोडवा आणि ऊसबिलाची माहिती आपण या पत्रकात नेहमी वाचता. आज विषय घरचा घेतला आहे. लाजेपायी तो कोणी काढत नाही, आणि उपाशी राहते ते दोन दिवसांचे लेकरू.

पहिलटकरीण बाळंत होते. बाळ छातीशी तोंड घासते, पण धरता येत नाही म्हणून रडून लाल होते. घरातली म्हातारी बघते, तर बोंड आत ओढलेले. "हिच्या अंगावर न्हाई प्यायचं, बाटली आणा," असा निकाल लगेच लागतो. हा निकाल चुकीचा आहे.

बाळ नुसते बोंड चोखत नाही. भोवतीचा काळसर भाग तोंडात भरून ते दूध ओढते. म्हणून थोडी मदत मिळाली तर बहुतेक बाळे शिकतात. बोंडाच्या बुडाशी अंगठा व बोट ठेवून हलके दाबावे. बोंड बाहेर आले तर चिंता नाही. आणखी आत गेले तर मदत लागेल. गरोदरपणी मात्र बोंडे ओढत बसू नये, त्याचा उपयोग होत नाही. बाळंतपणानंतर आठवडा-दोन आठवड्यांत ती बरीच सुधारतात.

पहिल्या तासातच बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवावे. छाती घट्ट असेल तर थोडे दूध हाताने पिळून ती मऊ करावी. बाळाने मोठा आ केला की मगच जवळ घ्यावे. मांडीवर जमले नाही तर काखेखाली धरून पाहावे.

दावणगिरीच्या बालरोगतज्ज्ञांनी १९९३ साली सिरिंजची साधी युक्ती प्रसिद्ध केली. १० मिलीची नवी सिरिंज घ्यायची, सुई नाही. सुईकडचे टोक कापून दट्ट्या त्या बाजूने घालायचा आणि मूळची गुळगुळीत कड छातीला लावायची. दट्ट्या हळू ओढून अर्धा ते एक मिनिट धरायचा, दुखले की सैल सोडायचा. पाजण्याआधी हे करावे. पहिल्यांदा मात्र नर्सबाईंकडून शिकून घ्यावे.

बाळ शिकेपर्यंत दर दोन-तीन तासांनी दूध पिळून स्वच्छ वाटी-चमच्याने पाजावे. पहिला चीक टाकू नये. बाटली, मध, गुटी नको. आणि साखर कारखान्याचे पत्रक असूनही सांगतो, साखरपाणी तर मुळीच नको! सहा महिने फक्त आईचे दूध.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी येतात. त्यांना मोकळेपणी सांगावे. बाळ सुस्त पडले किंवा लघवी कमी झाली तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. पूर्वी नीट असलेले बोंड बाळंतपणाशी संबंध नसताना अचानक आत गेले, तर डॉक्टरांना दाखवावेच.

शेवटी एक विनंती. आपला ऊस तोडायला आलेल्या टोळीच्या कोप्यांतही बाळंतिणी असतात. त्यांची नावे त्यांच्या गावाकडे, त्या इथे फडात. त्यामुळे आशाताईंना त्यांचा पत्ताच लागत नाही. आपल्या फडाशेजारी बाळंतीण असेल तर मुकादमाला विचारून आशाताईंना त्याच दिवशी कळवा. तिथे बाटली धुवायला स्वच्छ पाणीही नसते. त्या लेकराला आईच्या दुधाचाच आधार आहे.